सनफिशमध्ये परत परत पाणी भरतंय? आधी ती सिलिकॉनची ट्यूब खाली ठेवा

ज्यांनी शिकायला म्हणून जुनी सनफिश (छोटी शिडाची बोट) घेतलीय आणि दर वेळी पाण्यातून बाहेर काढली की आतून डुबुक डुबुक ऐकू येतंय त्यांच्यासाठी लिहितेय. मी यात दोन सीझन घालवले. तीन वेळा 'दुरुस्त' केली, तिन्ही वेळा पुन्हा तेच, आणि शेवटी कळलं की गळती बंद करायला म्हणून मी जे केलं होतं त्यातल्या एका गोष्टीमुळेच पाणी जास्त यायला लागलं होतं. ते पुढे सांगते, आधी बोटीबद्दल.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनजवळ. बोट घेतली ३५० डॉलरला, ट्रेलरसकट, एका घराच्या मागच्या अंगणात पाइनच्या झाडाखाली उलटी पडली होती, वर शेवाळ. विकणारा म्हणाला "शी फ्लोट्स", आणि ते खोटं नव्हतं, तरंगते खरी. फक्त मी आणि नवरा दोघांनी मिळून उचलायला गेलो तर कंबर धरली. तेव्हाच कळायला हवं होतं. नवीन सनफिशचं वजन साधारण १३० पौंड, दोन माणसांनी सहज उचलायला हवी. तेव्हा बोट बघायला गेलात की रंगबिंग सोडा, आधी एक टोक उचला, हलवा, कान लावा. भाव करायचा असेल तर तिथेच करा, मी काही केला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सनफिश म्हणजे पावणेचौदा फूट लांब, चार फुटांहून जराशी रुंद, ७५ चौरस फुटांचं एकच शीड. १९५०च्या दशकात कनेटिकटमधल्या वॉटरबरीच्या अल्कॉर्ट कंपनीने काढली. त्यांची आधीची सेलफिश म्हणजे नुसती सपाट फळी होती, हिच्यात पाय ठेवायला छोटा कॉकपिट दिला. शीड तिकोनी, वर खाली दोन काठ्या, मास्ट (डोलकाठी) आखूड. बाबांनी रेवदंड्याहून व्हिडिओ कॉलवर बघितली आणि म्हणाले, "अगं हे तर आपल्या मचव्यासारखंच की." मग पाणी भरतंय म्हटल्यावर म्हणाले खालून डांबर मार. बाबा, फायबरला डांबर नाही मारत. पण माझी सिलिकॉन मारायची आयडिया काही त्याहून फार हुशारीची नव्हती.

आता ही बोट आतून कशी आहे ते समजलं की अर्धं काम झालं. फायबरग्लासची दोन कवचं, खालचं हल आणि वरचं डेक, कडेने एकमेकांना चिकटवलेली, मधे पोकळ. आत पांढऱ्या थर्माकोलसारख्या फोमचे लांब ठोकळे, आणि ते जागेवर राहावेत म्हणून पिवळसर फुगणारा फोम ओतलेला. म्हणजे बंद डबा. कॉकपिटमध्ये पाणी आलं तर दिसतं, ते वेगळं, ते बेलरमधून (कॉकपिटच्या तळातली पाणी बाहेर सोडायची झडप) निघून जातं. पण या डब्याच्या आत गेलेलं पाणी दिसत नाही, फक्त बोट दिवसेंदिवस जड होते आणि वाऱ्यात कलली की आतलं पाणी कललेल्या बाजूलाच धावतं आणि तिला आणखी कलवतं. अर्धी घागर डोक्यावर घेतल्यावर कशी डुचमळते, तसं. शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच तोल सांभाळता येत नाही. मी पूर्ण जून महिना स्वतःलाच दोष देत होते, स्प्रूस रन जलाशयावर जायचं, दोनदा उलटायचं, भिजून घरी यायचं.

मी काय काय केलं ते आधी सांगते म्हणजे तुम्ही करू नका. पहिला प्रयत्न, जून: बाथरूमला लावतात ते सिलिकॉन, जिथे जिथे भेग दिसेल तिथे. दोन फेऱ्या बरी गेली, मग परत चार-पाच लिटर. दुसरा प्रयत्न, जुलै: बेलरच्या रिंगभोवती सिलिकॉन, आणि कॉकपिटच्या पुढच्या भिंतीत वरच्या बाजूला पेन्सिलीच्या टोकाएवढं एक भोक सापडलं. मला काय आनंद झाला! चोर सापडला! बुजवून टाकलं. त्यानंतर पाणी दुप्पट. तिसरा प्रयत्न, ऑगस्ट: डॅगरबोर्डच्या (बोटीच्या मधून खाली पाण्यात घालायची उभी फळी) खोबणीला वरून मरीन-टेक्स भरलं (ही इपॉक्सीची पुटी, वस्तू उत्तम आहे), तरीही पाणी. तेव्हा मी बोट विकायला काढली होती, नवऱ्याने फोटोही काढले होते.

मग आमच्या कोपऱ्यावरचे एक रिटायर्ड आजोबा, त्यांनी आयुष्यभर छोट्या बोटी चालवल्यात, ते म्हणाले विकायच्या आधी साबणाची टेस्ट तरी कर. आणि हो, ते व्हेंटचं भोक टेपने बंद कर टेस्टच्या वेळी. मी म्हटलं ते मी कधीच बुजवलंय. आजोबांनी कॉफीचा मग खाली ठेवला.

तर ते भोक. ते मुद्दाम ठेवलेलं असतं, डब्यातल्या हवेला आत-बाहेर करता यावं म्हणून. विचार करा, बोट ट्रेलरवर, पार्किंग लॉटमध्ये, जुलैचं ऊन, आतली हवा तापून ५० डिग्री सेल्सियस झालीय. तशीच ढकलली २४ डिग्रीच्या पाण्यात. हवा थंड होते, आकसते, हिशोब केला तर आठेक टक्के. भोक उघडं असेल तर तेवढी हवा तिथून आत येते, विषय संपला. भोक बंद असेल तर आत ओढ तयार होते आणि ती ओढ जिथून जमेल तिथून भरून निघते, म्हणजे पाण्याखाली केसाएवढी भेग असली तरी स्ट्रॉने ओढल्यासारखं पाणी आत. आणि उलटंही होतं, उन्हात आतली हवा फुगते, तिला बाहेर जायला वाट नाही, मग जुनी कडेची जोडणीच उकलते. माझ्या बोटीत बहुतेक दोन्ही झालं. जुन्या काही बोटींना हे भोक नसतंच, त्यांनी ट्रेलरवर असताना ड्रेनचं (आतलं पाणी काढायच्या भोकाचं) बूच काढून ठेवायचं. खरं तर सगळ्यांनीच काढून ठेवावं.

उलटल्यावर या भोकातून थोडं पाणी जातं आत, कपभर वगैरे, ते चालतं. कपभर पाण्यासाठी भोक बुजवू नका.

आता साबणाची टेस्ट नीट सांगते, कारण सगळं निदान यावरच आहे. सावलीत करायची, उन्हात आतली हवा तापत राहते आणि काही कळत नाही. व्हेंट टेपने बंद. शॉप व्हॅकचा (वर्कशॉपमधला मोठा व्हॅक्यूम क्लीनर) पाइप हवा बाहेर फेकणाऱ्या बाजूला लावायचा, दुसरं टोक ड्रेनच्या भोकाशी, मधे जुना टॉवेल गुंडाळून नुसतं हाताने सैलसर धरायचं, घट्ट बसवायचं नाही. कॉम्प्रेसर अजिबात लावू नका, कृपा करून. एक पीएसआय ऐकायला काहीच वाटत नाही, पण तो एका चौरस इंचावरचा एक पौंड, म्हणजे एका चौरस फुटाला १४४ पौंड झाले, आणि डेक किती चौरस फूट आहे ते बघा. धरणाच्या भिंतीसारखा दाब येतो आणि चांगली असलेली जोडणीही फाटते. आपल्याला फक्त डेक किंचित ताणल्यासारखं वाटेल इतकीच हवा हवी. मग भांड्याचा साबण पाण्यात घट्ट कालवून स्पंजने सगळीकडे फिरवायचा आणि बघत बसायचं. जिथे फुगे येतात तिथे मास्किंग टेपचा तुकडा. दोन माणसं लागतात, एक पाइप धरायला. आमच्याकडे मुलीने धरला, तिला जाम मजा आली, तिच्या दृष्टीने बोटीचा हाच सगळ्यात चांगला उपयोग.

कुठे बघायचं? आम्हाला चार ठिकाणी फुगे आले. सगळ्यात मोठे डॅगरबोर्डच्या खोबणीत, खालच्या बाजूला, मागच्या कोपऱ्यात. हे ठिकाण वरून दिसतच नाही, बोट उलटी करून टॉर्च मारावा लागतो, आणि मी शहाणीने मरीन-टेक्स भरलं होतं वरून. किनाऱ्यावर बोट ओढताना किंवा डॅगरबोर्ड दगडाला आपटला की हाच कोपरा फुटतो, तेव्हा पहिला संशय इथेच घ्या. दुसरं, पुढच्या नाकाजवळ अॅल्युमिनियमची पट्टी असते तिच्या खाली जोडणी आठेक इंच उकललेली. तिसरं बेलरची रिंग. आणि चौथं, दोरी अडकवायचं जे क्लीट डेकवर असतं त्याचे स्क्रू, खालचं लाकूड कुजलं की स्क्रू नुसते गोल फिरतात आणि त्यातून पाणी झिरपतं. पुढच्या नाकावरच्या हँडलचे स्क्रूही तसेच तपासा, माझे ठीक निघाले.

मास्ट जिच्यात बसतो ती नळी मात्र साबणाने नाही तपासायची, तिची सोपी टेस्ट आहे. बोट सपाट ठेवा, नळी काठोकाठ पाण्याने भरा, चहा करून प्या, परत या. पातळी उतरली असेल तर नळीचा तळ गेला. माझी नळी शाबूत होती, देवाची कृपा, कारण ती दुरुस्ती किचकट.

पण थांबा, गळती सापडली म्हणजे संपलं नाही. माझा तिसरा प्रयत्न फसला त्याचं अर्धं कारण खालचा कोपरा होता आणि अर्धं कारण फोम. वर्षानुवर्षं आत पाणी साचलं की फोम ते शोषून घेतो, विशेषतः तो पिवळा. मग तुम्ही भेग बुजवली तरी फोम हळूहळू पाणी सोडत राहतो, दर आठवड्याला ड्रेनमधून वाटीभर येतं आणि तुम्हाला वाटतं गळती आहेच. म्हणून वजन करा. ही एक गोष्ट मी पहिल्या दिवशी करायला हवी होती. बाथरूमचा वजनकाटा, त्यावर लाकडाची फळी, त्यावर बोट मधोमध तोलून. आकडा बोटीखाली झाकला जातो म्हणून मुलीने फोन खाली सरकवून व्हिडिओ काढला. ड्रेनमधून सगळं मोकळं पाणी काढल्यावरही १९२ पौंड! म्हणजे जवळपास २८ किलो पाणी नुसतं फोममध्ये. माझी मुलगी तेव्हा २६ किलोची होती, म्हणजे आम्ही एक अदृश्य मूल घेऊन फिरत होतो.

वाळवायला डेकला गोल भोकं पाडून इन्स्पेक्शन पोर्ट बसवावी लागतात, झाकणं फिरवून बंद होतात ती. नव्या-कोऱ्या डेकवर करवत चालवायची हिंमत होत नाही, पण ही काही नवी-कोरी नाही. मी दोन पाडली, एक कॉकपिटच्या मागे, एक पुढे, अशा ठिकाणी की मास्टची नळी आणि डॅगरबोर्डची खोबण दोन्हीपर्यंत हात पोचेल. सहा इंची घ्या, चार इंचीतून हात जातो पण हातात पकडलेली वस्तू जात नाही, हे मी दुकानात परत जाऊन शिकले. कापताना मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या. फायबरग्लासची धूळ म्हणजे खाजकुयली. आंघोळ आधी थंड पाण्याने, गरम पाण्याने आणखी चावते असा माझा अनुभव.

मग जुन्या कॉम्प्युटरमधला १२ व्होल्टचा छोटा पंखा एका पोर्टवर बसवला, हवा बाहेर ओढणारा, दुसरं पोर्ट उघडं. गॅरेजमध्ये शेजारी डीह्युमिडिफायर. आणि वाट बघायची. इथे कोणी आठवड्यात झालं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. माझी वही: ऑक्टोबर १९२, नोव्हेंबर १७८, डिसेंबर १६६, जानेवारी १५८, फेब्रुवारी १५२, मार्च १४९. नंतर काटा हलेना, तेव्हा थांबले. फोम उपटून टाकू नका, बोट फुटली तर तोच तुम्हाला तरंगत ठेवतो आणि डेकलाही खालून आधार देतो. एखादा ठोकळा सुटून हलत असेल तर दोन भाग मिसळायचा फोम थोडा थोडा ओतून परत चिकटवा. हार्डवेअरच्या दुकानातला डब्यातला फवारायचा फोम नको, त्याला सुकायला हवेतला ओलावा लागतो, बंद जागेत जाड थर आतून कच्चाच राहतो.

एप्रिलमध्ये दुरुस्ती. आधी माझंच सिलिकॉन काढण्यात दोन वीकेंड गेले. सिलिकॉनचा खरा त्रास हा की ते स्वतः नीट धरत नाही आणि त्याचा पातळ अंश मागे राहिला तर त्यावर इपॉक्सीही धरत नाही. नुसतं अॅसिटोनने पुसलं तर ते पसरतं. आधी ब्लेडने खरवडा, मग सिलिकॉन रिमूव्हर, मग सँडपेपर, आणि मग शेवटी अॅसिटोन. पण अॅसिटोन आतल्या पांढऱ्या फोमवर सांडू देऊ नका, साखर विरघळावी तसा विरघळतो. पॉलिएस्टर रेझिननेही तेच होतं, म्हणून आतल्या बाजूला काम असेल तर इपॉक्सीच.

खोबणीच्या कोपऱ्यात भेग ड्रेमेलने (हातात धरायचं छोटं घासायचं यंत्र) व्ही आकारात उघडली. दुखतं करताना, पण नुसती वरून बुजवली तर परत उकलते. त्यात घट्ट केलेली इपॉक्सी, वर फायबरग्लासच्या कापडाच्या दोन पट्ट्या, आणि पोर्टमधून हात घालून आतल्या बाजूनेही एक. मी वेस्ट सिस्टिम कंपनीची इपॉक्सी वापरली, रेझिन आणि हार्डनर ५ ला १. प्रमाण अंदाजाने नाही, स्वयंपाकासारखं 'चवीपुरतं' इथे चालत नाही. आणि थोडी थोडी कालवा. मी पहिल्या दिवशी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरपूर कालवली, दहा मिनिटांत डबा गरम, मग धूर, मग डब्याचा तळच वाकला. खोलगट डब्यात इपॉक्सी स्वतःच्याच उष्णतेने पेटल्यासारखी तापते, पसरट ट्रेमध्ये ओतली की वेळ मिळतो. वाळल्यावर वरून रंग हवाच, उन्हाने इपॉक्सी खराब होते.

नाकाजवळच्या जोडणीसाठी पट्टीचे रिव्हेट ड्रिलने काढले, पुटी नाइफने फट जराशी उघडली, आत सँडपेपर फिरवला, इपॉक्सी भरली आणि आजोबांकडचे, आमचे आणि समोरच्या घरातले मिळून चौदा क्लॅम्प लावले. क्लॅम्प कधीच पुरत नाहीत. बेलरची रिंग आणि क्लीट मात्र इपॉक्सीने नाही, ३एमच्या ४२०० सीलंटने बसवले, कारण ते पुढे कधीतरी काढावे लागणार. त्याच कंपनीचं कायमचं चिकटणारं ५२०० लावाल तर सोडवताना फायबरचा पापुद्रा घेऊनच निघेल. कुजलेल्या लाकडाच्या जागी पोर्टमधून नवा तुकडा लावला.

आणि ते व्हेंटचं भोक टाचणीने, मग बारीक ड्रिलने उघडलं. बोट त्या वेळी फुस्स करून श्वास सोडेल असं मला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

परत साबणाची टेस्ट केली, पोर्टची झाकणं धरून, तर नवीन फुगे त्या झाकणांच्याच कडेला! झाकणाखाली सीलंटची एक गोल रेघ कमी पडली होती, तेवढं केलं. तेव्हा दुरुस्तीनंतर टेस्ट पुन्हा कराच, पाण्यात नेऊन नाही, अंगणात.

या सीझनला स्प्रूस रनवर बारा-तेरा फेऱ्या झाल्या. दोन तास चालवून आल्यावर पोर्ट उघडून स्पंज फिरवते, अर्धी वाटी, उलटली असेन त्या दिवशी वाटीभर. बोट चक्क वेगळीच वागते, वारा आला की निघते, आधी विचार करायची. कोणाच्या बोटीत यापेक्षा जास्त येत असेल तर साबणापासून परत सुरू करा, आणि दर दोन महिन्यांनी वजन लिहून ठेवा, आकडा वाढत असेल तर कुठेतरी आहेच.

एक किरकोळ पण पैसे वाचवणारं: न्यू जर्सीत बारा फुटांपेक्षा लांब बोटीला शिडाची असली तरी टायटल (मालकीचा कागद) आणि रजिस्ट्रेशन लागतं, तेव्हा घेताना कागद मागा. मागच्या बाजूला हल नंबर कोरलेला नसेल तर बोट बहुतेक १९७२ च्या आधीची, अशा जुन्या बोटींचं सुकाणूही जुन्या पद्धतीचं असतं आणि ऐन वेळी उसळून वर येतं, तो खर्च धरून भाव करा.

हिवाळ्यात आत थेंबही ठेवू नका, भेगेतलं पाणी गोठून फुगलं की भेग वाढते. मी उलटी ठेवते, पोर्ट उघडी, ड्रेनचं बूच काढून. आणि ते बूच गाडीच्या चावीलाच बांधलंय, कारण या मेमध्ये पहिल्याच फेरीला बोट परत जड लागली, पोटात गोळा आला, सगळं आठवलं, साबण, टॉवेल, चौदा क्लॅम्प, आणि किनाऱ्याला येऊन बघते तर बूच घरी, गॅरेजच्या खिडकीत.